कानटोपीचा ताण: बेळगावात बसून ब्रँडसाठी लोकरी टोप्या करवून घेताना

डिसेंबरच्या पहाटे बेळगावात दूध घालायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर कानटोपी असते, निपाणी-चिकोडीकडं उसाच्या फडात उतरलेल्या टोळीच्याही डोक्यावर असते. आता आपल्या भागातल्या नव्या कपड्यांच्या ब्रँडनाही ती स्वतःच्या नावानं हवी आहे. लोगो कुठला, गोंडा कसला, यावर महिना जातो. आणि गिऱ्हाइकानं दोनदा धुतली की टोपी सैल पडून भुवयांवर येते. कानटोपी एकाच गुणावर टिकते: ताणली की परत जागेवर यायला हवी. धागा, वीण, लोगो, इस्त्री, प्रत्येक टप्प्यावर हा ताण एकतर जपला जातो किंवा मरतो.

माल कुठून आणायचा? शहापूर-वडगावात माग आहेत, इचलकरंजी जवळ आहे, म्हणून तिथं चौकशी करण्यात वेळ घालवू नका. मागावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा जातो, ते कापड ताणत नाही. टोपीला टाक्यात टाका अडकवलेलं कापड लागतं. तिरुपूरला तसं कापड होतं, पण तो मुख्यतः सुती टी-शर्टचा बाजार. लोकरी आणि लोकरीसारख्या कृत्रिम धाग्याच्या, म्हणजे अ‍ॅक्रिलिक टोप्यांसाठी लुधियानाच गाठावं लागतं.

आपल्या धनगरी लोकरीची टोपी का नको, असं बरेच जण विचारतात. भावना खरी आहे, पण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर जाडीचे तंतू कातडीला टोचतात, म्हणून ती घोंगडीत शोभते, कपाळावर नाही. अस्सल लोकर हवी असेल तर २० मायक्रॉनच्या आसपासची मेरिनो मेंढीची मऊ लोकर घ्या, नाहीतर अ‍ॅक्रिलिक-लोकर मिश्रण. पहिल्या लॉटला चांगलं, गोळे न धरणारं अ‍ॅक्रिलिक पुरेसं आहे.

कारखान्याला ‘मऊ टोपी पाहिजे’ एवढंच सांगितलं तर तो स्वतःला स्वस्त पडेल ते करून देतो. कागदावर आकडे द्या. गेज म्हणजे इंचात किती सुया: ७ गेजची टोपी रोजच्या वापराला छान, १२ गेजची पातळ आणि नीटस, ५ गेजची जाड. धागा २/३२ (म्हणजे ३२ नंबरचे दोन बारीक धागे पिळून केलेला) असेल तर ७ गेजवर असे साधारण ३-४ पदर, १२ गेजवर २. वीण दोन सुलट दोन उलट. ती जास्त ताणते आणि डोक्याला धरून बसते. मोठ्यांची टोपी सपाट ठेवल्यावर रुंदी २१ सेंटिमीटर, खालची कड दुमडल्यावर उंची २१-२२, दुमड ७. ७ गेजला वजन ७० ते ९० ग्रॅम. वरचा डोक्याचा भाग चार चुण्या घालून लिंकिंग मशीनवर (टाक्याला टाका जोडणारं यंत्र) जोडलेला मागा. ओव्हरलॉकनं जोडला की आत जाड शिवण येते, ती टाळूवर बोचते.

धाग्याचा हिशेब सोपा आहे. ३०० टोप्या, प्रत्येकी ८० ग्रॅम, म्हणजे २४ किलो; ७ टक्के घट धरून २६ किलो. हा सगळा एकाच रंगाई लॉटचा घ्या आणि लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. शेड कार्डवरचा नंबर तोच असला तरी दुसऱ्या लॉटचा काळा किंचित निळसर निघू शकतो, आणि दुकानात दोन टोप्या शेजारी ठेवल्या की तो लगेच दिसतो.

भरतकाम मात्र बेळगावात करून घेता येतं; ब्लाउजपीसवर कॉम्प्युटर भरतकाम करणारे कारागीर इथं आहेत. चूक होते ती सवयीनं. ब्लाउजसारखी टोपी रिंगेत ताणून बसवली की रिंग काढल्यावर कापड आक्रसतं आणि लोगोभोवती सुरकुत्या पडतात. रिंगेत फक्त खालचं बॅकिंग, म्हणजे टाक्यांना आधार देणारा कापडी थर, बसवायचं, त्यावर स्प्रे गम मारून टोपी न ताणता चिकटवायची, वर पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवायची, नाहीतर टाके विणीच्या खाचांत बुडतात. बॅकिंग कापून काढायचंच वापरा. फाडून काढायचं वापरलं तर टाक्यांना आधार उरत नाही. कापलेली कड दुमडीच्या आत लपते. अक्षरं ६ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत.

दुमडीमुळं सगळ्यात महागाची चूक होते. दुमडल्यावर बाहेर दिसते ती टोपीची आतली बाजू, आणि तीही उलटी फिरलेली. म्हणजे भरतकाम आतल्या बाजूवर, डोकं खाली करून व्हायला हवं. एक नमुना भरा, दुमडा, डोक्यावर घालून बघा, मगच पुढच्या टोप्या द्या.

लोगो किती रुंद? भरलेली जागा ताणत नाही. ४२ सेंटिमीटर घेराच्या टोपीला ५७ च्या डोक्यावर बसायला सुमारे ३६ टक्के ताण पुरतो. १० सेंटिमीटरचा लोगो भरला की उरलेल्या ३२ ला ४७ व्हावं लागतं, म्हणजे ४७ टक्के. कपाळावर वळ उठतो तो यामुळं. ५-६ सेंटिमीटरवर थांबा. विणलेलं लेबल लावायचं तर दुमडीच्या कडेवर घडी घालून लावलेलं छोटं लेबल सगळ्यात सुरक्षित. चारही बाजूंनी सरळ टीप मारलेला मोठा पॅच ताणल्यावर दोरा तोडतो.

नाव विणीतच दुसऱ्या रंगात हवं असेल तर मागं मोकळे धागे लोंबतात. चार-पाच टाक्यांपेक्षा लांब सुटले की बोटं, कानातले अडकतात. दुरंगी वीण कमी ताणते, म्हणून रुंदी दीड-दोन सेंटिमीटर वाढवा.

गोंडा बटणावर निघणारा ठेवा, धुवायला सोपं. लहान मुलांच्या टोपीला मात्र बटण नको, घट्ट शिवलेलाच हवा. सुटलेलं बटण तोंडात जातं.

नमुना आला की आधी सपाट ठेवून मोजा. मग ३० सेंटिमीटर रुंदीपर्यंत ताणून मिनिटभर धरा, सोडा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. एका सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली तर वीण सैल आहे. तीनदा कोमट पाण्यात धुवा, सपाट वाळवा, दोरीवर टांगू नका. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग जातो का पाहा. आणि अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री कधीच टेकवू नका: उष्णतेनं तंतू ढिला पडतो, विणीचा उठाव बसतो, तो परत येत नाही. वाफ द्यायची तर लांबून, हात न दाबता.

नोव्हेंबरमध्ये विकायचं तर नमुना एप्रिल-मेमध्ये पक्का करा. पावसाळ्यापासून लुधियानाचे कारखाने स्वेटरच्या ऑर्डरींत अडकतात आणि छोटी ऑर्डर मागं पडते. बिलावर एचएसएन ६५०५ (जीएसटीसाठीचा टोप्यांचा माल-क्रमांक) आहे ना ते बघा, माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल, लागतं.

पक्क्या नमुन्याचे दोन नग सही करून ठेवा, एक कारखान्याकडं, एक तुमच्याकडं. माल आला की वेगवेगळ्या पोत्यांतून २० टोप्या काढून एकेक तोला. वजन १० ग्रॅमनं कमी भरलं तर धाग्याचा पदर गाळलाय किंवा टाके सैल सोडलेत. पैशाचा शेवटचा हप्ता या तोलण्यानंतरच द्यायचा, हे ऑर्डर देतानाच लेखी ठरवून घ्या.