तळणीच्या तेलावर गाडी चालेल का?

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरातला, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतला, जुना डिझेल पंप तळणीच्या तेलापासून केलेल्या इंधनावर चालतो, हे कळलं की ओळखीचे लोक हमखास विचारतात, 'सर, हे घरी जमेल? आमच्या गाडीत घातलं तर?' तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

जमतं. पण स्वयंपाकघरात नको, आणि नव्या गाडीसाठी तर नकोच.

गाळलेलं तेल तसंच टाकीत ओतायचं नसतं. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं. पण तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं, ते नीट जळत नाही आणि इंजेक्टरवर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीवर, काजळी धरते. म्हणून त्याची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया करावी लागते. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन स्निग्धाम्लं जोडलेली असतात. मिथेनॉल ती सोडवून स्वतःशी जोडून घेतं. तयार होतं ते पातळ बायोडिझेल. जड ग्लिसरीन तळाशी बसतं.

खरी परीक्षा तेलाची असते. भजी-सामोसे पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलात मोकळी आम्लं वाढलेली असतात, ती क्रिया घडवून आणणारं अल्कली खाऊन टाकतात, त्यामुळे ते अल्कली, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, किती घालायचं ते प्रत्येक डब्यागणिक तपासावं लागतं. ताज्या तेलाला लिटरमागे साधारण 7 ग्रॅम, जुन्याला त्याहून जास्त. या तपासणीत रंग बदलून दाखवायला आपली हळदसुद्धा चालते, अल्कलीत ती लाल होते. विद्यार्थ्यांना हे दाखवताना मला अजूनही तितकाच आनंद होतो.

दुसरा शत्रू पाणी. तेलात ओल राहिली की बायोडिझेलऐवजी साबण होतो. आमच्या पावसाळ्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बरणी उघडी राहिली तर तेही हवेतली ओल ओढून चिकट होतं. म्हणून जून ते सप्टेंबर मी हे काम करतच नाही. इतर वेळी तेल आधी तापवून पाणी उडवतो, मग सुमारे 55 अंशांवर आणून लिटरमागे 200 मिलिलिटर मिथेनॉल वापरतो. रात्रभर ठेवून ग्लिसरीन काढतो, इंधन पाण्यानं हलक्या हातानं धुतो आणि सुकवतो. शेवटी 3 मिलिलिटर इंधन 27 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये टाकून पाहतो. तळाशी तेल साचलं तर क्रिया अपुरी राहिली, म्हणजे पुन्हा करायची.

स्वयंपाकघर नको म्हणतो ते मिथेनॉलमुळे. 65 अंशांच्या आतच ते उकळतं, त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, ते कातडीतूनही शरीरात जातं आणि डोळे कायमचे घालवू शकतं. उघडी जागा, हातमोजे, चष्मा, आणि आसपास विस्तव नाही. यात तडजोड करणाऱ्याला मी कृती सांगतच नाही.

आता गाडी. बीएस-6 या प्रदूषण-मानकाच्या नव्या गाड्यांत धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ करायला अनेक इंजिनं सिलिंडरमध्ये जादा इंधन सोडतात. बायोडिझेल सहज उडून जात नाही, ते भिंतींवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. जुन्या गाडीत वा पंपात हे नसतं, पण रबरी नळ्या सुजतात, त्या आधी बदलाव्या. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो, म्हणून सुरुवातीला जादा फिल्टर जवळ ठेवावा.

हॉटेलवाल्यांना माझं आग्रहाचं सांगणं वेगळं आहे. तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तळून तळून तेल बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांपुढे गेली की ते अन्नासाठी वापरता येत नाही, हा नियम जुलै 2018 पासून आहे. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना हिशेब ठेवून ते अधिकृत संकलकाला द्यावं लागतं. ते तेल गाड्यावरच्या कढईत परत येता कामा नये, गटारातून मांडवी-झुआरी नद्यांतही जाता कामा नये. तुमच्या हॉटेलातलं तेल कोण नेतो, हे एकदा विचारा आणि त्याची पावती पाहा.