पैकी किती?

मी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिते असं घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा बाबांना त्यातला 'परीक्षण' एवढाच शब्द ऐकू गेला असावा. पेपर खाली ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "पैकी किती?"

"दहापैकी."

"अर्धा मार्क देता येतो?"

"पॉइंट एकसुद्धा देता येतो."

बाबा गप्प झाले. साताऱ्याजवळच्या एका शाळेत ३० वर्षं मराठी शिकवलेला, दर उन्हाळ्यात दहावीचे गठ्ठे तपासलेला, अर्धा मार्क वाढवतानाही उत्तर दोनदा वाचणारा हा माणूस. निबंधाला सात पूर्णांक आठ दशांश द्यायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. गेम साताच्या वरचा वाटतोय, पण आठ द्यायला हात धजत नाही, म्हणून मधलं काहीतरी. त्याला दशांशाचा सदरा चढवला की तराजूत तोलून दिल्यासारखं दिसतं.

हा ७.८ मी उगाच नाही काढला. २०१४ साली निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर 'पोकेमॉन ओमेगा रूबी' आणि 'अल्फा सफायर' हे जोडगेम आले, तेव्हा आयजीएन या गेम-परीक्षणांच्या साइटने त्यांना ७.८ दिले आणि खाली उणिवांच्या यादीत लिहिलं, की पाणी फार आहे. झालं! त्या ओळीची जगभरच्या पोरांनी इतकी टर उडवली की अजून ती थांबलेली नाही. मालवणला जाऊन समुद्र जास्त म्हणून मार्क कापावेत, तसं ते वाटतं खरं. पण तो गेम ज्यांनी खेळलाय त्यांना विचारा. नकाशाचा पूर्वेकडचा भलामोठा भाग समुद्रच आहे, आणि तासन्‌तास पोहत राहिलं तरी तेच ते टेंटाकूल नावाचे समुद्री प्राणी आडवे येत राहतात. परीक्षकाचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त त्या म्हणण्याची शेवटची दोन-तीन शब्दांची शेपटीच लोकांच्या हाती लागली.

कारण वाचक परीक्षणात शिरतो तो लग्नाला येऊन थेट पंगतीत बसणाऱ्या पाहुण्यासारखा. बाराशे शब्द लिहा, कॅमेरा कुठे अडखळतो ते सांगा, बोटं कुठे दुखतात ते सांगा. तो सरळ तळाशी जाऊन आकडा बघतो आणि निघतो. बरेचदा त्याने गेम आधीच घेतलेला असतो. नव्या गेमला चार-पाच हजार मोजून झाल्यावर त्याला सल्ला नको असतो, "बरं केलंस" एवढं ऐकायचं असतं. सात दिसला की त्याला ते आपल्यालाच पडल्यासारखे वाटतात.

आणि सात म्हणजे काय? बाबांच्या हिशेबात फर्स्ट क्लास. आमच्याकडे सात म्हणजे ज्या निकालाचे पेढे वाटत नाहीत तो. मेटाक्रिटिक ही साइट २००१ पासून सगळ्या परीक्षकांचे मार्क गोळा करून शंभरपैकी एक आकडा काढते. तिथे सिनेमाला ६१ पडले की हिरवा रंग लागतो. गेमला हिरवं व्हायला ७५ लागतात.

"म्हणजे डिस्टिंक्शन मिळालं तरच पास?" बाबा म्हणाले. "मग खालचे पाच आकडे ठेवलेत कशाला?"

शोभेला, मी म्हटलं. पण त्या एकेका मार्काला कुणाच्या तरी पगाराची गाठ मारलेली असते, हेही सांगितलं. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा गेम ओब्सिडियन या कंपनीने केला, २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस, असा करार होता. मिळाले ८४. हे २०१२ मध्ये त्यांच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी सांगितलं. गेममध्ये सुरुवातीला चुका होत्या, बऱ्याच होत्या, ते काही नाकारता येत नाही. तरी बाबा अस्वस्थ झाले. ३४ वर अडकलेला पेपर समोर आला की माणूस पुन्हा पहिल्या पानापासून तपासतो, कुठल्यातरी व्याकरणाच्या प्रश्नात एक मार्क सांडलेला सापडतोच, असं त्यांचं म्हणणं. "आणि ग्रेस?" ग्रेस नाही बाबा. सरासरीला कोण ग्रेस देणार?

त्यातल्या त्यात त्यांना जपानी पद्धत पटली. 'फॅमित्सू' नावाचं तिथलं नियतकालिक १९८६ पासून निघतं. त्यात एका गेमला चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा, एकूण चाळीस. पैकीच्या पैकी पहिल्यांदा पडले ते १९९८ मध्ये, 'झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम'ला. बारा वर्षं चाळीसपैकी चाळीस कुणालाच नाहीत, हे ऐकून बाबांच्या चेहऱ्यावर आपलं माणूस भेटल्याचा आनंद दिसला. त्यांच्या काळी मराठीत पैकीच्या पैकी देणं म्हणजे परीक्षकाची बुद्धी फिरल्याचं लक्षण होतं. "मॉडरेटर कोण असतो पण?" एवढी एक शंका राहिलीच.

पेपर तपासायची त्यांची एक रीत होती. गठ्ठ्यातल्या पहिल्या दहा उत्तरपत्रिकांना मार्क पेन्सिलीने. सुरुवातीला हात कडक असतो, मग सैल पडतो. विसाव्या पेपरानंतर मागे जाऊन ते दहा पुन्हा बघायचे आणि मगच लाल पेन. शिवाय एखाद्या हुशार मुलीचा पेपर झाला की उठून पाणी प्यायचं, गॅलरीत एक फेरी मारायची. नाहीतर तिच्या मागे येणारा बिचारा मारला जातो. हे ऐकून मला 'होरायझन झीरो डॉन' आठवला. २०१७ मध्ये तो प्लेस्टेशनवर आला आणि तीनच दिवसांनी, ३ मार्चला, निन्टेन्डोच्या स्विच या नव्या यंत्राबरोबर 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. होरायझनला मेटाक्रिटिकवर ८९ पडले होते. कुठल्याही घरात फोन करकरून सांगावेत असे. पण शेजारच्या पोराला ९७!

मला ना पेन्सिल मिळते ना गॅलरीतली फेरी. गेम उतरवून घ्यायचा कोड शुक्रवारी येतो, एम्बार्गो, म्हणजे परीक्षण छापायची बंदी, मंगळवारी संध्याकाळी उठतो, आणि गेम ४० तासांचा असतो. मग रात्रीचा चहा, टीव्हीसमोर गादी, आणि ज्या कोड्यात माणसाने दोन दिवस मजेत अडकायचं त्यावर चरफडत घालवलेली वीस मिनिटं. असाच एक गेम मी सहा मार्कांवर आपटला. नाव सांगत नाही, लाज वाटते. स्विचवरचा छोटासा गेम, तलवार घेऊन एकेक खोली पार करायचा. मी लिहिलं, टप्पे तोकडे आहेत, तेच तेच पुन्हा येतं, गोष्टीला ओघ नाही. दोन रात्रींत, एका बैठकीत सात-सात तास, मोठ्या पडद्यावर खेळून काढलेलं ते मत होतं.

मग दोनेक महिन्यांनी साताऱ्याला जाताना तो एसटीत खेळले. स्वारगेटला खिडकी मिळाली होती. गंमत अशी, की एक खोली संपायला साधारण तेवढाच वेळ लागतो जेवढा गाडीला एका थांब्यावरून पुढच्या थांब्याला जायला. कंडक्टर आले, मी वरचं बटण दाबलं, पडदा झोपला. तिकीट, सुट्टे, "पुढं सरका" वगैरे झालं. पुन्हा बटण दाबलं तर तलवार हवेत होती तिथेच. मी तोकडे म्हणून हिणवलेले टप्पे कुणीतरी हिशेबाने तोकडे केले होते. खंबाटकीच्या घाटात वळणावळणाला ऊन पडद्यावर यायचं आणि राक्षसाऐवजी माझंच तोंड दिसायचं, तेव्हा गेम थांबवून बाहेर बघायचं. परतीच्या वाटेवर बोगदा लागतो. त्या अंधारात सव्वासहा इंची पडदा असा उजळला की शेजारच्या आजी वाकून बघायला लागल्या. "मेला का तो?" त्यांनी विचारलं. नव्हता मेला.

पुढची दोन वर्षं तो गेम माझ्या पिशवीत होता. आज त्यात १४० तास भरलेत आणि परीक्षणाखाली अजून सहा आहेत. संपादकांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, लागलेला निकाल आपण बदलत नाही.

"रिचेकिंगसुद्धा नाही?" बाबा.

माझ्या हातून हे घाईत झालं. कधीकधी तजवीज करून होतं. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला, त्याआधी परीक्षकांना दिली ती फक्त कॉम्प्युटरवरची प्रत. मार्क चांगले पडले. मग लोकांनी आपल्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो लावला तर माणसं पारदर्शक, गाड्या हवेत, आणि मध्येच सगळं बंद. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. परीक्षेला एक बसतो आणि निकालावर नाव दुसऱ्याचं, हा प्रकार त्यांच्या माहितीतला.

एवढं सगळं बोलणं होत असताना त्यांच्या हातात त्यांचा तो ब्रिक गेम असतो. मी पाचवीत असताना जत्रेतून माझ्यासाठी आणलेला. वर ९९९९ गेम असल्याचं छापलंय. आत मोजून दहा-बारा, बाकी तेच कमी-जास्त वेगाने. त्यातलाही ते एकच खेळतात, विटा रचायचा. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव यांनी केलेला टेट्रिस, जो १९८९ मध्ये अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच मिळायचा, त्याची ही आपल्याकडची कुठलीतरी लांबची, कागदपत्रं नसलेली पुतणी. प्लास्टिक पिवळं पडलंय, मागचं झाकण हरवलंय, पेन्सिल सेल रबरबँडने धरून ठेवलेत. एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून आईने त्यातला एक सेल काढला आणि बाबांचा हाय-स्कोअर गेला. पुढचे दोन दिवस त्यांनी वेळ शेजाऱ्यांना विचारली.

परवा जेवणं झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, "बाबा, याला पैकी किती द्याल?"

उत्तर नाही. पडद्यावर विटा निम्म्याच्या वर चढल्या होत्या. डावीकडे, अगदी भिंतीला लागून, त्यांनी चार घरं खोल खड्डा जपून ठेवला होता. वरून झेड आला, तो त्यांनी कसाबसा उजवीकडे लोटला. मग चौकोन. मी पुन्हा तोंड उघडलं तसा त्यांनी अंगठा न उचलता नुसता मानेने मला गप्प केलं.

"थांब जरा. काठी यायचीय."