मीटरवरचे आकडे

आमची गाडी बघायला आलेल्या प्रत्येकाने तिच्याभोवती एक चक्कर मारली, एका टायरला पायाने हलकेच ढोसलं आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" पुढे काही वर्षांनी मी कॅमेरा घेणार असल्याची बातमी फुटली, तेव्हा त्याच मंडळींनी तितक्याच गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती मेगापिक्सेल?" दोन्ही वेळा उत्तर मला पाठ होतं. ते ऐकून विचारणाऱ्याची मान डोलायची आणि विषय संपायचा. माझा मात्र सुरूही झालेला नसायचा.

गाडीच्या वेळी मी सात जणांची घेतली. डोळ्यांसमोर चित्रच तसं होतं: वळणावळणाचा घाट, मागे एकमेकांना चिमटे काढणारी पोरं, टपावर बांधलेलं सामान. प्रत्यक्षात गाडीत मी एकटी असते. बाकीच्या सहा जागांवर एक छत्री आणि ग्रंथालयाची परत करायची राहिलेली पुस्तकं प्रवास करतात. एकदा सहज मोजलं, सातही जागा भरल्या असे दिवस वर्षात चार निघाले. त्या चार दिवसांसाठी उरलेले तीनशे एकसष्ट दिवस मी ते लांबलचक धूड मागे घेत, पुढे घेत, दोन खांबांच्या मध्ये कोंबत असते.

एवढं होऊन कॅमेऱ्याच्या वेळी मी शहाणी झाले होते म्हणावं, तर तेही नाही. घाटाच्या जागी खंड्या आला, एवढाच फरक. खंड्या पाण्यात सूर मारतोय, थेंब उडालेत, चोचीत मासा चमकतोय आणि तो नेमका क्षण मी टिपलाय! त्यासाठी ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स हवी (हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं). तिचंच वजन दोन किलोच्या आसपास, कॅमेरा वेगळा. आता खरं सांगायचं तर मी खंड्या सूर मारताना आयुष्यात एकदा पाहिलाय, तोही मान वळवेपर्यंत पुन्हा तारेवर जाऊन बसला होता.

मेगापिक्सेलचं कोडं त्यातल्या त्यात लवकर सुटलं. २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६००० गुणिले उभे ४०००, असे दोन कोटी चाळीस लाख ठिपके. इंचाला ३०० ठिपके हा चांगल्या छपाईचा हिशेब धरला, तर फोटो वीस इंच रुंद निघतो. माझ्या घरात वीस इंच रुंद चौकट एकच आहे, ती आरशाची. शिवाय हा आकडा क्षेत्रफळाचा. फोटोची लांबी-रुंदी दुप्पट करायची तर मेगापिक्सेल चौपट लागतात. १२ चे २४ केले तर रुंदी जेमतेम १.४ पट वाढते. हे मी शेजारच्या काकांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे गं, पण जास्त असलेले बरे ना?"

घोडं अडलं ते सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणाऱ्या तुकड्याच्या, मापावर. कॅमेऱ्यातलं कळणारा माझा एक मित्र आहे. तो म्हणाला, "घ्यायचाच तर फुल फ्रेम घे, नाहीतर दोन वर्षांनी हळहळशील." फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. त्या 'फुल' शब्दातच अशी काही गोम आहे की बाकीचं सगळं अर्धंमुर्धं वाटायला लागतं. पण या मापाची जन्मकथा वाचली आणि माझा न्यूनगंड पार पळाला. ऑस्कर बार्नाक हा जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीतला माणूस, दम्याने बेजार. फोटो काढायची हौस दांडगी, पण काचेच्या प्लेटांचा तो अवजड कॅमेरा घेऊन चालणं त्याला झेपेना. मग त्याने सिनेमाची फिल्म घेतली, तिच्यावरच्या दोन चौकटींची मिळून एक आडवी चौकट केली, ३६ बाय २४, आणि तिच्याभोवती हातात मावेल असा कॅमेरा उभा केला. ही गोष्ट १९१३-१४ च्या सुमाराची. १९२५ साली तो लायका नावाने बाजारात आला. म्हणजे आज जे माप गळ्यात अडकवून मान अवघडते, ते एका दमेकऱ्याला ओझं पेलेना म्हणून काढलेलं लहान माप होतं!

मित्राला हे सांगितलं. त्याला ठाऊक होतं. "म्हणूनच तर म्हणतो," तो म्हणाला, "इतिहास आहे त्याला." वाद तिथेच मिटवला.

शेवटी निकाल लावला तो माझ्याच जुन्या फोटोंनी. या मित्राचा एक कॅमेरा आठ महिने माझ्याकडे उसना होता, १८ ते १४० मिलिमीटरच्या झूम लेन्ससकट. डिजिटल फोटोच्या पोटात तो कधी काढला, लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र किती उघडं होतं, लेन्स किती मिलिमीटरवर होती, हे सगळं गुपचूप लिहून ठेवलेलं असतं. एका रविवारी ते उघडून बसले. १४० च्या टोकाला काढलेले फोटो होते, नाही असं नाही. बरेचसे चंद्राचे, आणि चंद्र वाटाण्याएवढा. पक्षी तीन: दोन कबुतरं, तिसरा कोण ते सांगता येत नाही कारण तो पाठमोरा उडून चाललाय. बाकी फोटोंचा सगळा ढीग ३० ते ४० मिलिमीटरच्या मध्ये. खिडकीशी पेपर वाचणारे बाबा. मुलीचे शाईने माखलेले हात. जिन्यातलं मांजर, तेच मांजर, पुन्हा तेच मांजर. मी स्वतःला पक्षीनिरीक्षक समजत होते आणि फोटो म्हणत होते, बाई, तू घरकोंबडी आहेस.

घरकोंबडीला लागते ती ३५ मिलिमीटरची एकच लेन्स, झूम न होणारी. एपीएस-सी नावाच्या मधल्या मापाच्या सेन्सरवर तिच्यातून जे दिसतं ते साधारण फुल फ्रेमवरच्या ५० सारखं. तिचं छिद्र एफ १.८ पर्यंत उघडतं. छिद्राच्या आकड्यांचा कारभार उलटा आहे, आकडा लहान तितकं छिद्र मोठं, कारण तो आकडा म्हणजे फोकल लेंथ (लेन्सचा तो मिलिमीटरचा आकडा) भागिले छिद्राचा व्यास. कॅमेऱ्यासोबत मिळणारी नेहमीची १८-५५ लेन्स ३५ वर आणली की साधारण ४.५ पर्यंतच उघडते. ४.५ आणि १.८ हा फरक अडीच पटीचा दिसतो, पण प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळातून येतो, म्हणून अडीचचा वर्ग, सहा पटींहून जास्त. दिवेलागणीच्या आधी घरात जो करडा उजेड असतो, त्यात बाबांचा चेहरा आणि बाबांच्या चेहऱ्याचा हललेला ठसा यांच्यात एवढंच अंतर असतं.

कॅमेरा सेकंड हँड घेतला, गाडीसारखाच. गाडी बघायला सोबत नेलेल्या मेकॅनिकने मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो सरळ खाली वाकला आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघितलं. मग स्टिअरिंगवर अंगठा फिरवला. "मीटर मागे नेता येतं ताई," तो म्हणाला, "पॅडलला नवी कात कशी येणार?" टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचायलाही त्यानेच शिकवलं: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. त्या दिवसापासून मी लोकांच्या उभ्या गाड्यांचे टायर वाचत हिंडते. सवय वाईट आहे, सुटत नाही. स्टेपनी तर हमखास गाडीच्याच वयाची निघते.

कॅमेऱ्याचं मीटर म्हणजे शटरची, सेन्सरपुढच्या पडद्याची, किती वेळा उघडझाप झाली तो आकडा. नवशिक्यांसाठीच्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर उघडझापी धरून बनवतात, व्यावसायिकांचं चार-पाच लाख. मला दाखवलेल्या कॅमेऱ्याचा आकडा होता अठरा हजार आणि वर दोन-अडीचशे. तरी मी पॅडल शोधलंच. पकडीचं रबर गुळगुळीत झालंय का? लेन्स बसते त्या धातूच्या कड्यावर चरे पडलेत का? लेन्समध्ये टॉर्च मारून बघितला. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. विकणारा तरुण अवघडून उभा होता. मी त्याचीच तपासणी करतेय असं त्याला वाटलं असावं.

आता, घेऊन झालं म्हणजे प्रश्न संपले असं कुठे असतं! ते फक्त आपल्याकडून वस्तूकडे जातात आणि मग तीच विचारत राहते. तेल कधी बदलणार, विमा कधी भरणार, हा पिवळा दिवा का लागलाय. कार्ल बेंझची बायको बर्टा हिने ऑगस्ट १८८८ मध्ये, मोटारगाडी ही चीजच नवी असताना, नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली गाडी काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपत आलं. पंप कुठून असणार? वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचं, पेट्रोलच्या जातीचं द्रावक घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तेव्हा जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर "अजून किती वेळ?" असं तिसऱ्यांदा विचारताना मला बर्टाबाई आठवतात आणि मी चौथ्यांदा विचारत नाही.

कॅमेरा तसा कमी बोलतो. पण त्याचं एक म्हणणं गाडीसारखंच: मला ठेवून देऊ नकोस. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका अंगावर चपटे पडतात. दमट हवेत बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत मी. त्याहून बरा उपाय दाराशेजारच्या खुंटीचा निघाला. तिथे तो किल्ल्यांच्या शेजारी लटकतो.

घरी आणला त्या संध्याकाळी नवं कोरं कार्ड घालून पहिला फोटो काढला. बाबांचाच, पेपरआडून डोकावणारे. संगणकावर उतरवला तर फाइलचा क्रमांक ८२४४. मला वाटलं होतं ०००१ येईल. पण कार्ड बदललं तरी हा क्रम कॅमेरा स्वतः लक्षात ठेवतो. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. त्या तरुणाचा एक फेरा पुरा झाला होता आणि दुसऱ्यात तो ८२४३ वर थांबला होता. मेन्यूत जाऊन क्रम नव्याने सुरू करता येतो, मित्राने कसा तेही दाखवलं. मी तसाच ठेवलाय. ८२४३ मध्ये काय असेल, हा विचार अधूनमधून येतो. बहुधा विकण्याआधी शटर चालतंय ना, हे बघायला काढलेला एखादा फोटो: टेबलाचा कोपरा, नाहीतर स्वतःचाच पाय.

पण खंड्याही असू शकतो.