तुम्ही विचारलंत म्हणून: नवं तट्टू असं का वागतं?

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते आणि जानेवारी उजाडला की हा प्रश्न हमखास येतो. "मुलीसाठी तट्टू आणलं. विकणाऱ्याकडे अगदी गरीब होतं. आता चावायला बघतं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला की पाय उचलतं, मुलगी बसली की मान खाली घालून गवत खात उभं राहतं. खोडील जनावर गळ्यात मारलं का?"

कधीकधी मारतातही. दिवसभर पळवून दमवलेलं किंवा वेदनाशामक टोचलेलं जनावर गरीबच दिसतं. पण बहुतेक वेळा दोष तुमच्या गव्हाणीत असतो. यात्रेत रोज राबणारं तट्टू तुमच्याकडे दिवसभर बांधलेलं असतं, त्यात लाडाने दोन वेळा भिजवलेला हरभरा. मग ती ताकद जाणार कुठे?

आधी वजन काढा. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,900. घेर 130 आणि लांबी 125 असेल तर साधारण 178 किलो. अशा तट्टूला दिवसाला साडेतीन किलोच्या आसपास सुका चारा पुरतो. अर्धा तास मूल बसवण्यापुरत्या कामाला हरभरा लागत नाही, बंद करा. चारा मात्र एकदम बदलू नका, नाहीतर पोटशूळ उठतो. पहिल्या मालकाकडचाच थोडा चारा आणून आठ-दहा दिवसांत हळूहळू नव्यावर आणा.

मग दुखणं शोधा. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडापासून चार बोटं सोडून, खांद्यापासून मागे बोटांनी दाबत जा. एकाच जागी पाठ खाली जात असेल, कान मागे पडत असतील, तर खोगीर लागतंय. मोठ्या घोड्याचं खोगीर तट्टूच्या आखूड पाठीवर शेवटच्या बरगडीपलीकडे जातं आणि मऊ भागावर टेकतं. फेरीनंतर खोगीर उतरवून घाम बघा: सगळीकडे ओलं आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल, तर दाब तिथेच पडतोय. तंग एका दमात आवळू नका. एक भोक, दहा पावलं चालवा, मग पुढचं.

दाढाही बघून घ्या. वरच्या दाढांची बाहेरची धार गाल कापते, खालच्यांची आतली धार जीभ. अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून पडत असतील, तर लगाम ओढल्यावर ते डोकं झटकणारच. पशुवैद्य कानस लावून ती धार बोथट करतात. (यात्रेत शुभ-अशुभ ठरवायला अंगावरचे केसांचे भोवरे बघायला चौघे वाकतात, तोंड उघडून कोणी बघत नाही.)

चावण्याचं मूळ बहुधा गुळात असतं. हातावर खडा दिला की ते खिसे हुंगतं, खिसा रिकामा निघाला की दात लावतं. खाऊ घमेल्यातच टाका.

गवताकडे मान ओढणं मात्र ते मुलीकडूनच शिकलंय. मान खाली गेली की तिच्या हातातला लगाम निसटतो, फेरी थांबते, वर गवत मिळतं. कडियाळाच्या (लगामाच्या तोंडातल्या लोखंडी दांडीच्या) दोन्ही कड्यांपासून खोगिराच्या पुढच्या कड्यांपर्यंत सुती दोरी बांधा. मान सहज चालावी, तोंड जमिनीला टेकू नये, इतकीच लांब. आणि महिनाभर मोरकीची (तोंडाभोवतीच्या दोरखंडी पट्ट्याची) दोरी धरून मोठं माणूस पुढे चालू द्या.

घरातले काका वर बसून त्याला वठणीवर आणायला निघतील. बसू देऊ नका. वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर ओझं नको. 178 किलोच्या तट्टूला खोगिरासकट पस्तीस किलो झाले. काका त्याच्या दुप्पट. वर पाठ दुखली की नवी खोड लागते.

एकटं खिंकाळत फेऱ्या मारत असेल तर सोबतीला शेळी बांधा, बऱ्याच जणांना मानवते.

पाठ, दाढा, चारा सगळं ठीक करूनही महिन्याने ते मागच्या पायांवर उभं राहत असेल, किंवा मुलीला हेरून लाथ मारत असेल, तर परत करा. कितीही स्वस्त मिळालेलं असो.