पाच तारे, पंचवीस मिनिटं

डिसेंबरातली संध्याकाळ. तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे येत होतो, १८ अंश उत्तरेच्या आसपास. चार ते आठचा वॉच माझा, चीफ ऑफिसरचा. सूर्यास्ताच्या थोडं आधी जीपीएसने आमचं जहाज थेट जमिनीवर नेऊन ठेवलं. त्या पाण्यात हल्ली खोटे सिग्नल सोडले जातात. दोन्ही संच एकदम फसले. अशा वेळी जीपीएसवर चालणाऱ्या घड्याळांवरही विश्वास ठेवता येत नाही, आणि चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एक मिनिट, अंशाचा साठावा भाग. त्यामुळे आधी क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं स्वतंत्र अचूक घड्याळ, उघडला. दोन्ही किनारे रडारच्या टप्प्याबाहेर, आणि किनाऱ्यालगत प्रवाळाचे खडक.

सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं यंत्र, काढला तसा रत्नागिरीचा कॅडेट म्हणाला, "सर, काळोख पडू दे ना, तारे जास्त दिसतील."

"तारे दिसतील, क्षितिज कुठून आणशील?"

या पोरांना संधिप्रकाश परीक्षेपुरता शिकवतात याचा मला खरंच राग येतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असतो तो नागरी संधिप्रकाश, १२ पर्यंत नाविक, १८ पर्यंत खगोलीय. आमचं काम मधल्या पट्टीत. ठळक तारे उमटलेले असतात आणि समुद्राची कड अजून पुसलेली नसते. त्या अक्षांशावर हे जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतं. शोधत बसायला वेळच नसतो, म्हणून प्रत्येक ताऱ्याची उंची आणि दिशा आधीच काढून ठेवायची. सेक्स्टंटवर ती उंची लावून त्या दिशेला बघितलं की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा ताराही दुर्बिणीत सापडतो. मग सेक्स्टंट हलकेच डोलवायचा, तारा कमानीच्या तळाशी क्षितिजाला टेकला की "टाइम!"

पूर्व आधी काळवंडते, म्हणून ब्रह्महृदय आणि रोहिणी पहिले. मग अभिजित, श्रवण. शेवटी दक्षिणेचा मीनास्य. कॅडेटने सेकंद चोख टिपले.

प्रत्येक ताऱ्याच्या उंचीवरून कागदावर एक रेषा निघते, जहाज त्या रेषेवर कुठेतरी. चार रेषा एका छोट्या चौकोनात आल्या. मीनास्याची रेषा चार मैल बाहेर. दक्षिणेला धुळीचं धुकं होतं, शिवाय तिथलं वक्रीभवन, म्हणजे हवेत प्रकाशाचं वाकणं, बेभरवशाचं. मी ती सोडली. कॅप्टनसाहेबांनी कागद नीट पाहिला, एकच प्रश्न विचारला, "खात्री आहे?" आणि त्या फिक्सवरून, म्हणजे रेषांवरून काढलेल्या जागेवरून, कोर्स ठरवला. स्क्रीन सोडून कागदावर जहाज चालवणारे कॅप्टन आता थोडेच.

रात्री जीपीएस ताळ्यावर आलं. कोर्स आणि वेग धरून मागे मोजलं तर फिक्समध्ये दोन मैलांपेक्षा कमी फरक.

तरी मीनास्य डोक्यातून जात नाही. दक्षिणेचं क्षितिज खराब आहे हे मला तारा टेकवतानाच जाणवलं होतं, की रेषा बाहेर पडलेली बघितल्यावर ते मला खराब वाटायला लागलं? वहीत तशी नोंद नाही. आता प्रत्येक ताऱ्यापुढे क्षितिज कसं होतं ते गणित मांडायच्या आधी लिहायला लावतो, कॅडेटला आणि स्वतःलाही.