मागे फक्त २८५ का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच नीट सांगते.

प्रश्न ठरलेला असतो. गाडी कुठेही उभी केली की कुणीतरी मागच्या चाकापाशी वाकतं, फेंडर (चाकावरचा पत्रा) आणि टायरच्या फटीत बोटं घालून बघतं आणि म्हणतं, "गाडी एवढी खाली बसवलीये, पाच लिटरचं इंजिन आहे, मग चाकं अशी आत का? ३०५ टाका, ३१५ टाका. निदान स्पेसर तरी टाका." हे आकडे टायरच्या रुंदीचे, मिलिमीटरमध्ये; स्पेसर म्हणजे चाक बाहेर ढकलणारी चकती. आजवर मी "बघू पुढे" म्हणून वेळ मारून नेली. त्यामुळे काहींचा समज झालाय की मला हौस नाही. काहींना वाटतं, बाईमाणूस आहे, तिला कुणीतरी घाबरवून ठेवलंय. दोन्ही खोटं आहे.

गाडी २०१३ची मस्टँग जीटी. मागे १९ बाय १० इंचांचं चाक, ऑफसेट ४५, टायर २८५/३५. ऑफसेट म्हणजे चाक जिथे बोल्टने बसतं ती जागा चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते; आकडा कमी, तेवढं चाक बाहेर. पुढे १९ बाय ९, टायर २५५/४०. हे माप मी मनाने काढलेलं नाही. २०१२ आणि २०१३च्या बॉस ३०२ला, म्हणजे मस्टँगच्याच ट्रॅकसाठीच्या आवृत्तीला, फोर्डने स्वतः हेच दोन टायर दिले होते. तिथे मागचं चाक साडेनऊ इंची होतं, माझं अर्धा इंच रुंद आहे. म्हणजे जो टायर तुम्हाला "फक्त" वाटतो, तो फोर्डने ट्रॅकवर पळवायच्या गाडीला पुरेसा मानला होता.

पण खरं कारण बॉस ३०२ नाही. ते मी नंतर शोधलेलं समर्थन आहे.

गाडी घेतली तेव्हा ती आधीच्या मालकाने खाली बसवलेली होती, आणि चाकं तुम्हाला आवडतात तशीच होती. २० इंची, साडेदहा रुंद, ऑफसेट ४०, वर १५ मिलिमीटरचा स्पेसर आणि ३०५चे टायर. मागून बघितलं की नजर हटत नसे. मी गाडी घेतली त्यात त्या चाकांचा वाटा मोठा होता, हे नाकारत नाही. मी एकटीच चालवायचे. कधी कुठे घासलं नाही, कसला आवाज नाही.

मग एकदा ताई आली होती. ती माझ्या शेजारी, मागे तिची दोन्ही मुलं, डिकीत त्यांचं सामान. हायवेवर चढताना एक लांब वळण आहे, आणि वळणाच्या मधोमध पुलाचा सांधा. गाडी त्या सांध्यावरून खाली बसली आणि डावीकडून पत्र्यावर कानस ओढावी तसा आवाज आला. एकदा, मग लगेच पुन्हा. मी वेग कमी केला. "काहीतरी जळतंय गं," ताई म्हणाली. रबराचा वास मलाही आला होता. जागा मिळताच गाडी कडेला घेतली, मुलांना रेलिंगच्या पलीकडे उभं केलं आणि खाली बसले.

डाव्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून रबराची एक पट्टी सोलून निघाली होती. ती अजून लोंबत होती, हात लावला तर चटका बसला. पट्टीखाली धागे दिसत होते. टायरमध्ये धागे असतात हे माहीत असणं वेगळं, आणि आपली माणसं बसलेल्या गाडीखाली ते उघडे दिसणं वेगळं. फेंडरची आत वळलेली कड तेवढ्याच लांबीत रंग जाऊन लखलखत होती, सुरीला नुकती धार लावल्यासारखी. उजवीकडे मात्र टायरवर नुसता पुसट डाग.

ताईने विचारलं, "हे होणार हे माहीत होतं का तुला?"

नव्हतं. आणि मला आजही सलतं ते हेच, की "नाही" हे उत्तर प्रामाणिक होतं. ताई काही बोलली नाही. गाडी उचलून न्यायला माणूस येईपर्यंत मुलांशी गप्पा मारत राहिली.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी मीच ते म्हणत होते: कड रोल करून घे. हीट गनने रंग तापवायचा, रोलर फिरवायचा, वळलेली कड सपाट बसते, काही मिलिमीटर मिळतात, विषय संपला. त्या दिवशीच्या मला आज भेटता आलं तर मी विचारेन, काही म्हणजे किती? आणि तुला हवेत किती? तिच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकीही कुणी मला आकडा सांगितलेला नाही.

आकडा काढणं अवघड नाही. ४५ ऑफसेटच्या दहा इंची चाकाशी तुलना करा. साडेदहाचं चाक अर्ध्या इंचाने रुंद, म्हणजे साधारण साडेसहा मिलिमीटर आत आणि तेवढंच बाहेर. ऑफसेट ४५चा ४० झाला, पाच मिलिमीटर बाहेर. स्पेसरचे पंधरा, तेही बाहेर. बेरीज केली तर चाकाची बाहेरची कड २६ मिलिमीटर बाहेर गेलेली आणि आतली बाजूही १४ मिलिमीटर बाहेरच सरकलेली. वर २८५ऐवजी ३०५ टायर, त्याची फुगवट वेगळीच. म्हणजे आत जागा मोकळी सोडून चाक मुद्दाम बाहेर काढलं होतं, गाडी उभी असताना छान दिसावी म्हणून.

आणि डावीकडेच का? या गाडीला मागे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा. तो आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड असतो, एक टोक ॲक्सलला, दुसरं बॉडीला. बॉडी खाली आणली की रॉडचा कोन बदलतो आणि अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो. माझा डावीकडे सरकला होता. गाडी खाली आणायला स्प्रिंग बदलताना लांबी जुळवता येणारा रॉड टाकून तो मध्यावर आणायचा असतो. ते कुणी केलंच नव्हतं. तुम्ही ज्या फटीत बोटं घालता ती उभ्या, रिकाम्या गाडीची फट असते. टायर फेंडरला भेटतो ते मागे माणसं बसल्यावर, वळणात, खड्ड्यात.

म्हणून मी उलट बाजूने सुरुवात केली. आधी नवा रॉड टाकून ॲक्सल मध्यावर आणला. मग मागच्या स्प्रिंग काढल्या, शॉक खालून सोडवले आणि ॲक्सल जॅकने बंप स्टॉपला (तो आणखी वर जाऊ नये म्हणून असलेल्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत उचलला. एकदा दोन्ही बाजू सारख्या, मग एक वर आणि एक खाली. सॉलिड ॲक्सलमध्ये वर गेलेल्या चाकाचा माथा आत झुकतो, त्यामुळे ती मोकळी दिसणारी आतली जागाही सगळी आपली नसते. जिथे शंका होती तिथे मुलांची खेळायची रंगीत माती लावली आणि ती किती चेपते ते पट्टीने मोजलं. त्यातून दहाचं चाक, ४५ ऑफसेट आणि २८५ टायर हे उत्तर निघालं. स्पेसर नाही, कड जशी होती तशी, आणि मागे ताईची मुलं बसू शकतात.

आणखी एक. २८५ म्हणजे २८५च, असं धरून बोलू नका. टायरवर छापलेली रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण पाच मिलिमीटर पसरतो. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर शेजारी ठेवले तर खांदे सारखे नसतात. "माझ्या मित्राच्या मस्टँगला ३०५ बसतात" या वाक्यात रिम, ऑफसेट, टायरची कंपनी, गाडी किती खाली आहे आणि ॲक्सल मध्यावर आहे का, यातलं काहीच नसतं.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, कारण ते लपवून हा विषय मिटणार नाही. मागून गाडी पूर्वीइतकी भारी दिसत नाही. ४२० हॉर्सपॉवरला गार सकाळी पहिल्या गिअरमध्ये २८५ पुरत नाहीत. तापमान सात अंशांच्या आसपास उतरलं की समर टायरचं रबर कडक होतं, तिथे ३०५नेही चमत्कार झाला नसता हे खरं, पण दुपारच्या गरम रस्त्यावर फरक पडला असता. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे माझ्याच मापांनुसार ३०५ बसू शकतात. साडेदहाचं चाक, ऑफसेट पन्नासच्या आसपास, म्हणजे वाढलेली रुंदी जवळजवळ सगळी आत. मातीचा थर तिथे पातळ झाला होता, पण फाटला नव्हता. एवढ्या कमी जागेवर मी विसंबू का? एखाद्या आठवड्यात वाटतं, हो. मग तो टायर आठवतो आणि मी पुन्हा स्वतःला भित्री म्हणते, आणि पुन्हा स्वतःचीच बाजू घेते.

शेवरलेने २०१४च्या कॅमारो झेड/२८ला चारही चाकांना ३०५/३० आर १९ दिले, हे मला अनेकांनी ऐकवलंय. दिले ना. पण चारही. नुसते मागे रुंद टायर घातले की मागची पकड वाढते आणि वळणात गाडीचं नाक आणखी बाहेर जायला लागतं. मग पुढेही रुंदी वाढवायला हवी, आणि पुढे आतल्या बाजूला स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकचा खांब) उभा आहे. आत जागा नाही म्हणजे ऑफसेट कमी करून चाक बाहेर काढायचं. त्याने स्क्रब रेडियस, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला भेटतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, वाढला की रस्त्यातली प्रत्येक चाकोरी स्टिअरिंग हातातून ओढते. ते मी पहिल्या चाकांवर पुष्कळ सोसलंय.

आत्ताचे टायर झिजतील तेव्हा मागे ३०५चा विचार करीन, हे तुम्हाला सांगून ठेवते. पण पुढे २७५ कोणत्या ऑफसेटवर बसतील, स्ट्रटला न लागता आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर लायनरला (फेंडरच्या आतल्या आवरणाला) न घासता, हे ज्याने स्वतःच्या गाडीवर मोजलंय त्याने मला आकडे द्यावेत. फोटो नकोत.