एका चिठ्ठीपायी गेलेले सात आठवडे

स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून चार महिने झाले होते. पतसंस्थेत काउंटरवर पावती लिहीत होते. आकड्यात ६४ लिहिलं आणि अक्षरी लिहिताना 'शेहेचाळीस' लिहून बसले. बावीस वर्षं हेच काम करतेय. ती पावती फाडली, दुसरी लिहिली, तर परत तेच. त्याच आठवड्यात घरी चाळणी हातात धरून उभी होते आणि तिला काय म्हणतात ते आठवेना. रडू आलं ते त्या चाळणीपायी. स्तन काढला तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते.

केमो देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, याला केमो ब्रेन म्हणतात, पुष्कळ जणींना होतं, वेड लागल्यासारखं वाटून घेऊ नका. आधी थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. (तुम्हीही हे आधी तपासून घ्या, विसरण्याचं कारण कधीकधी तिथेच सापडतं.) रिपोर्ट चांगले आले. मग त्यांनीच श्वासाच्या लयीत, सावकाश करायची योगासनं सुचवली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांबद्दल इथे लिहीत नाही, ते सगळं वेळच्या वेळी झालं. गाडी अडली ती पुढे.

योगवर्गात फॉर्म भरला. तिथल्या बाई म्हणाल्या, "ताई, डॉक्टरांची परवानगी आणा." बरोबरच होतं त्यांचं. मी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात गेले. सकाळी आठला केस पेपर काढला, साडेबाराला नंबर लागला. सर्जन म्हणाले, आमचं काम झालं, हे केमोवाल्यांना विचारा. केमोची ओपीडी गुरुवारी, म्हणजे पुढच्या आठवड्यात. तिथे घाईत चार शब्द लिहून मिळाले : 'योगासने करण्यास हरकत नाही.' ती चिठ्ठी घेऊन मी अगदी आनंदात वर्गात गेले. बाईंनी वाचली आणि विचारलं, "उजवा हात किती वर न्यायचा? हातावर भार द्यायचा का?" त्याचं उत्तर चिठ्ठीत नव्हतं. माझ्या उजव्या काखेतल्या लसिका गाठी काढल्या आहेत, त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या विचारत होत्या.

परत रुग्णालय. आता सांगितलं, हे फिजिओथेरपीचं काम. फिजिओथेरपीला गेले तर सर्जनचं पत्र हवं. सर्जन रजेवर. खिडकीवरच्या माणसाने माझी फाइल न उघडताच परत सरकवली आणि म्हणाला, "सोमवारी या." सोमवारी पत्र मिळालं, पण त्यावर शिक्का नव्हता. शिक्का दुसऱ्या मजल्यावर, आणि तो मारणारे जेवायला गेलेले. मी जिन्यातच बसून राहिले. आजही ती खिडकी आठवली की मला राग येतो. आजारातून उठलेल्या बाईला तिच्याच हाताबद्दल एक वाक्य लिहून द्यायला सात आठवडे का लागावेत?

शेवटी फिजिओथेरपीच्या मॅडमनी ते दहा मिनिटांत उरकलं. टेप घेऊन दोन्ही हात मनगटापासून वरपर्यंत ठरावीक अंतरावर मोजले, आकडे वहीत लिहिले. दोन्ही हातांत दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर लगेच या, म्हणाल्या. चिठ्ठीत लिहिलं : हात सोसेल तितका वर न्यावा, भार हळूहळू वाढवावा, जडपणा वाटल्यास थांबावे. म्हणून सांगते, "योगा करू का?" असं विचारूच नका. हात किती उंच, भार किती, काय टाळायचं, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं त्याच कागदावर मागा. लेट्रोझोलसारखी (स्तनाच्या कॅन्सरनंतर देतात ती हार्मोन कमी करणारी) गोळी चालू असेल तर हाडांचंही विचारा. ती गोळी हाडं ठिसूळ करू शकते, त्यामुळे पुढे वाकायची काही आसनं जपून करावी लागतात.

वर्गात पहिला महिना फक्त हात वर-खाली. श्वास घेत हात वर, सोडत खाली. उजवा हात कानापर्यंत जायचा नाही, गालाशीच थांबायचा. बाई पुढची हालचाल मलाच मोठ्याने सांगायला लावत : ताडासन, मग कटिचक्रासन, मग मार्जारासन. तिसऱ्यावर मी हमखास अडायचे. त्या थांबायच्या, पण सांगायच्या नाहीत.

भाचीने मला एका अमेरिकन अभ्यासाची माहिती काढून दिली होती. ओहायो स्टेट विद्यापीठात स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या २०० जणींवर तो झाला, २०१४ मध्ये छापून आला. निम्म्या जणींनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास हठयोग केला. वर्ग संपला तेव्हा थकव्यात फरक नव्हता, तो तीन महिन्यांनी दिसला. विसरण्याच्या तक्रारीही तेव्हाच कमी झालेल्या. हे वाचलं नसतं तर मी दुसऱ्या महिन्यातच सोडून दिलं असतं. काखेतल्या गाठी काढल्या त्या बाजूच्या हातावर शक्यतो बीपी घेऊ देऊ नका, हेही राहिलंच सांगायचं. वर्गातल्या तपासणी शिबिरात माझ्याही उजव्या हाताला पट्टा बांधत होते, मी डावा पुढे केला.

मॅमोग्राफीच्या आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही. मग उठून अंधारातच भिंतीशी उभी राहते आणि हात वर नेते. परवा उजवा हात कानाला टेकला. मार्जारासनानंतरचं नावही अडखळल्याशिवाय आलं, शशांकासन.